प्रसिद्धी हेच मानधन

पुण्यातल्या कॅफेचालकांनी गिटारवादकांना पैशाच्या मोहातून सोडवण्याचं जे कार्य हाती घेतलं आहे, त्याची शासनदरबारी अद्याप नोंद नाही, ही खेदाची बाब आहे. बाणेर असो वा कोरेगाव पार्क, तीन तास वाजवल्यावर वादकाला ‘प्रसिद्धी’ मिळते आणि वर एक कोल्ड कॉफी. सँडविच फुकट नसतं, त्यावर सवलत असते. उपाशीपोटी वाजवलं की सुरात आर्तता येते, असा त्यामागे सखोल विचार असावा. ऐन अंतऱ्यात काउंटरवरचा ग्राइंडर घरघरतो, त्याने वादकाचा ताल पक्का होतो. त्याचंही शुल्क आकारत नाहीत!

गच्चीवरचा कार्यक्रम ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ला बंद होतो. हा कायदा चालक काटेकोर पाळतात. किमान वेतन वगैरे कायदे लावून कलेचा अपमान मात्र करत नाहीत.

ही प्रथा आता सार्वत्रिक व्हावी. वादकाने घरमालकाला भाड्याऐवजी दरमहा इन्स्टाग्रामवर टॅग करावं. महावितरणने वीजबिलापोटी मंचावरून जाहीर आभार स्वीकारावेत. तार तुटली तर दुकानदाराला एक आलाप ऐकवून नवा संच न्यावा. वाण्यालाही फर्माईश विचारावी.

परवा अशाच एका कार्यक्रमानंतर चालकांनी रोख नोटा मोजून दिल्या. साउंडवाल्याला, स्पीकरच्या भाड्यापोटी. स्पीकरला म्हणे प्रसिद्धीची हौस नाही.