शहाळं आणि सहानुभूती
समोरच्याला बोलू द्या, आपण ऐका, असं डेल कार्नेगी १९३६ सालीच लिहून गेला. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला तो कधी आला नसावा. पाहुणे शहाळं टेबलावर ठेवतात, 'कसं वाटतंय आता?' विचारतात आणि उत्तर यायच्या आत मेव्हण्याच्या अँजिओप्लास्टीत शिरतात. 'अगदी अस्संच दुखत होतं हो त्याला!' पुढे मेव्हण्याचं काय झालं ते कळत नाही, कारण पेशंटची बायको डोळ्यांनी दटावते. (गप्प बसावं तर शिष्ट म्हणतात, त्यांचा तरी काय दोष!)

हल्ली कंपन्या सहानुभूतीची कार्यशाळा घेतात. तिथून परतलेला साहेब 'मी समजू शकतो' म्हणतो आणि रजा नामंजूर करतो. पूर्वी नुसतीच नामंजूर करायचा.