डोक्यावर मोळी घेऊन

सह्याद्रीत भटकणाऱ्या टोळक्यात एक घळवाले काका असतातच. किल्ला म्हटलं की यांचं तोंड वाकडं. हरिश्चंद्रगडाला पाचनईहून सरळ वाट आहे, पण बेलपाड्याहून नळीची वाट असेल तरच हे येणार. सांदण दरीचं नाव काढलं तर म्हणतात, "रविवारी रेशनच्या दुकानासारखी रांग असते तिथे." ज्या घळीला नकाशात नाव नाही, तिच्यावर यांचा खरा जीव. सातवाहनांचे व्यापारी नशीबवान! काका तेव्हा वाटाड्ये असते तर बैलांचे तांडे नाणेघाट सोडून शेजारच्या कुठल्या तरी नाळेत अडकले असते आणि जकातीचा तो दगडी रांजण रिकामाच राहिला असता.

काकांचं एक वाक्य ठरलेलं : "अरे, इथून पूर्वी बायका डोक्यावर मोळी घेऊन उतरायच्या!"

बोराट्याच्या नाळेत आपण बुडावर बसून एकेक धोंडा उतरत असतो. वरून "दगड! दगड!" अशी आरोळी येते, लिंगाण्याकडे बघायची छाती होत नाही, आणि खालून काका मोळी ऐकवतात. घसारा लागला की मोळीच्या जागी तांदळाचं पोतं येतं. कातळटप्प्यावर पोत्याच्या जोडीला कडेवर पोर. शेवटी दोर बांधावा लागला, तेव्हा त्या बाईला सातवा महिना लागलेला होता.

एकदा पायथ्याच्या वाडीत एका आजींना मी विचारलंच. पाण्याचा तांब्या पुढे करत त्या म्हणाल्या, "त्या नाळंनं? आमची म्हसरं बी जात न्हाईत. आमी पलीकडच्या वाटंनं जायाचो."

आम्ही काकांकडे पाहिलं. ओशाळतील तर ते काका कसले! त्यांनी खिशातून वही काढली. "पलीकडची कुठली, आजी?"

आजी सांगत गेल्या. आंब्यापासून वर, कारवीतून, डावीकडे पाण्याचं टाकं, मग दगडात खोदलेल्या चार पावट्या. माहेर घाटावर, दिवाळीला त्याच वाटेनं जायच्या. "आता मोडली. यष्टी आल्यापास्नं कोन जातंय?" काका मान खाली घालून लिहीत होते. टाकं कुठल्या अंगाला, हे त्यांनी दोनदा विचारलं. मोळीचं नावही काढलं नाही.

त्या वहीत अशा कितीतरी मोडलेल्या वाटा आहेत. सांगणाऱ्या बऱ्याच आज्या आता नाहीत आणि वाटांवर कारवी माजली आहे. हा माणूस कोयता घेऊन त्या शोधत फिरतो, हे मान्य करावं लागतं. नाइलाजाने का होईना.

तेव्हा असे काका भेटले तर जरूर जा. पावसाळ्यात मात्र नको, कारण नाळ ही आधी पाण्याची वाट आणि मग माणसांची. हेल्मेट आणि दोर आपला न्या, मोळीवर विश्वास ठेवू नका. आणि परतताना त्या वहीची झेरॉक्स काढून घ्या. काकांनी दुसरी प्रत केलेली नाही.