जलपरीचा बाप

डिस्नेचा १९८९ सालचा 'द लिटल मरमेड' मी पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजात असताना, भाड्यानं आणलेल्या व्हीसीआरवर. तेव्हा मी सर्वस्वी एरियलच्या बाजूनं होतो. वय सोळा, लालभडक केस, सात बहिणींत धाकटी आणि बापाचं एक अक्षर ऐकायचं नाही. आम्हाला दुसरं काय हवं होतं? तिचा बाप ट्रायटन तिनं गुहेत जमवलेल्या वस्तूंचा त्रिशूळानं चक्काचूर करतो, तेव्हा आम्ही मित्रांनी त्याला जे काही म्हटलं, ते इथं छापण्यासारखं नाही.

परवा तोच सिनेमा लेकीबरोबर पाहिला. तीही आता सोळाची. अर्ध्या तासातच माझ्या लक्षात आलं, की मी पक्ष बदललाय. "अगं, बाप सांगतोय ना, नको जाऊस वर!" असं मी चक्क टीव्हीला म्हणालो.

"बाबा, तिला मराठी येत नाही," लेक म्हणाली.

एरियलला माणसांच्या वस्तूंचा भारी सोस. जेवायचा काटा सापडला, तर एक अतिशहाणा सीगल तिला सांगतो, की हा केसांसाठी असतो. पुढं राजवाड्यात, भर जेवणाच्या टेबलावर, ती काट्यानं केस विंचरते. लेक खो खो हसली. मी गप्प. कारण मावशीनं अमेरिकेहून पिझ्झा कापायचं चाक आणलं, तेव्हा आईनं ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "कातणं आहे. पण मेल्यांनी दाते नाही पाडले." गेली वीस वर्षं आमच्या शंकरपाळ्या त्याच चाकानं कापल्या जातात. पिझ्झा आम्ही सुरीनं कापतो.

मग येते उर्सुला, समुद्रातली चेटकीण. तिचा व्यवहार रोखठोक: तीन दिवस पाय मिळतील, मोबदल्यात आवाज द्यायचा. तिसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत राजपुत्रानं चुंबन घेतलं नाही, तर जन्माची गुलामी. एरियल तोंड फिरवून, डोळे मिटून सही ठोकते.

"वाचलं पण नाही!" लेक किंचाळली.

इथंही मी गप्प. गृहकर्जाच्या कागदांवर बँकेतला माणूस पेन्सिलीनं फुल्या मारत होता आणि मी फुलीमागून फुलीवर सह्या करत होतो. माझे डोळे उघडे होते, एवढाच काय तो फरक.

अँडरसनच्या १८३७ सालच्या मूळ गोष्टीत हा कागद नाहीच. तिथं चेटकीण सरळ जीभ कापून घेते, राजपुत्र दुसरीशी लग्न करतो आणि जलपरीचा समुद्रावरचा फेस होतो. सागरराजा विधुर, घर चालवते आजी. म्हणजे करारनामा आणि बापाचा थयथयाट, दोन्ही सिनेमावाल्यांची भर. बापाला काम मिळालं, पण ते हे असं.

मात्र शेवटाकडं एक प्रसंग आहे, जो कॉलेजात असताना मला दिसलाच नव्हता. मुदत संपते, एरियल चेटकिणीच्या ताब्यात जाते. करार काही केल्या फाटत नाही, त्रिशूळानंही. मग हा आरडाओरडा करणारा राजा काय करतो? करारावरची लेकीची सही घालवून तिथं आपली उमटवतो. तिची गुलामी स्वतःवर घेतो. पुढं चेटकीण मरते, बाप सुटतो, आणि ज्या पायांसाठी एवढं रामायण झालं, ते पाय तिला तोच देतो. बंड पोरीचं, पण सही बापाची.

मी डोळे पुसेपर्यंत लेक आत जाऊन एक कागद घेऊन आली. हरिश्चंद्रगडाचा ट्रेक, दोन रात्री मुक्काम.

"बाबा, इथं. पालकांची सही."

मी चष्मा लावून वाचायला घेतलं. 'कोणत्याही अपघातास आयोजक जबाबदार राहणार नाहीत' इथवर पोचलो.

"बाबा, आज शेवटची तारीख आहे."

खाली तिनं पेन्सिलीनं फुली मारूनच ठेवली होती. मी चष्मा काढला आणि सही केली.