वाशिमला द्रवलेला नवरदेव

वाशिमच्या मे महिन्यात कोणी गाडीपाशी उभं राहून ‘अहो, माझी कुल्फी द्रवली’ म्हणालं, तर कुल्फीवाला त्याला आधी सावलीत बसवेल. कुल्फी वितळते, तूप पघळतं, गूळ चहात विरघळतो. द्रवतो तो देव, आणि क्वचित, तिसऱ्या खेपेला अर्ज आणल्यावर, साहेब.

हा शब्द मुळात पळणाऱ्यांचा. संस्कृत ‘द्रु’ म्हणजे धावणे. घट्ट बसलेल्या तुपाला आच लागली की तेही धावत सुटतं. म्हणून ‘द्रुत’ म्हणजे वेगवानही आणि वितळलेलंही. वाशिम जिल्ह्यातून जाणारा समृद्धी हा ‘द्रुतगती’ मार्ग. नशीब, तो काँक्रीटचा आहे. अंगावर धावून येणारा ‘उपद्रव’ही याच घराण्यातला. विदर्भातल्या पद्मपुरच्या भवभूती या संस्कृत नाटककाराने मात्र या क्रियापदाला दगडाशी गाठ घालून दिली: चंद्र उगवला की चंद्रकांत मणी द्रवतो.

धावणं आणि द्रवणं, दोन्ही एकाच माणसाने केलं ते वाशिमच्या गोष्टीत. वाशिम म्हणजे पूर्वीचं वत्सगुल्म, वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची राजधानी. इ.स. 900च्या सुमाराचा राजशेखर ‘काव्यमीमांसे’त हकिकत सांगतो. सरस्वती ब्रह्मदेवाच्या सभेला निघाली. मुलाने, म्हणजे काव्यपुरुषाने, ‘मीपण येतो’चा हट्ट धरला. आई नाही म्हणाली. झालं, पोरगं रुसून घराबाहेर! त्याचा मित्र कार्तिकेय रडायला लागला. तेव्हा गौरीने व्यवहारी तोडगा काढला: साहित्यविद्या नावाची वधू निर्माण केली आणि त्याच्या मागे धाडली.

पूर्वेकडे तिने नवा वेश केला, नाच केला. स्वारी ढिम्म. उलट लांबलचक समासांत बोलू लागली; ती म्हणे गौडी रीती, म्हणजे शैली. (समासात बोलणाऱ्या नवऱ्याशी संसार कसा होणार?) पांचालात तो थोडा नरमला. दक्षिणेत आल्यावर पुरता द्रवला आणि आटोपशीर, गोड बोलायला लागला. ही वैदर्भी रीती. राजशेखराचा शब्द आहे ‘वशंवद’. वऱ्हाडातल्या कोणत्याही सासूला त्याचा अर्थ सांगावा लागणार नाही.

लग्न लागलं वत्सगुल्मात, तेही गांधर्व पद्धतीने. म्हणजे मांडव नाही, मानपान नाही, आहेरावरून धुसफूस नाही. मग जोडपं हिंडत हिंडत हिमालयावर परतलं. गौरी आणि सरस्वती, दोघी विहिणी, तिथे वाटच पाहत होत्या.