लग्न झालं, पुरावे आणा

लेक वसमत तालुक्यातली, जावई मेलबर्नला. हळद लागली, अक्षता पडल्या, गावजेवण उठलं. पण ऑस्ट्रेलिया सरकारच्या लेखी हे लग्न अजून संशयित आहे. 309 क्रमांकाच्या पार्टनर व्हिसासाठी नातं खरं असल्याचं चार अंगांनी दाखवावं लागतं: पैसा, घर, समाज, बांधिलकी. संयुक्त खातं आहे का? एकत्र फोटो? इकडे सासूबाईंसमोर नवऱ्याशेजारी बसायची चोरी, फोटो कुठून आणायचे! मांडवात अख्खं गाव साक्षीला होतं म्हणा, पण गावाला अपलोड कसं करणार?

त्यात पोरीचा जन्म 1997चा. जन्मदाखल्यावर जिल्हा परभणी, आधारवर हिंगोली. पोरगी जागची हलली नाही. 1 मे 1999 रोजी जिल्हाच वेगळा झाला, हे तिकडच्या साहेबाला आता पत्र लिहून समजवा.

फी 2024 मध्ये 9,000 डॉलरच्या वर गेली, म्हणजे पाच लाखांहून जास्त. हुंड्याला 1961 पासून बंदी आहे; ही रक्कम मात्र रीतसर पावतीवर घेतात. अर्ज नाकारला, तर ती सहसा परत मिळत नाही.