सातबारा घेऊन पालमपूरला

हिमाचलात कायमचं राहायला जायचं, हे मी सिंहगड रस्त्यावरच्या सिग्नलला ठरवलं. सिग्नल चार वेळा हिरवा झाला आणि चारही वेळा मी होतो तिथंच होतो. एवढ्या वेळात माणूस काहीही ठरवू शकतो. माझ्या शेजारच्या रिक्षावाल्यानं बहुधा संन्यास ठरवला असावा. घरी आलो, स्कूटर लावली, तीन जिने चढून धापा टाकत दारातच जाहीर केलं, "आपण हिमाचलला राहायला जाऊ."

"कोथिंबीर आणलीत का?" ही म्हणाली.

नव्हती आणली.

आता तुम्ही विचाराल, हिमाचलच का? तर माझ्या वाचनात आलं होतं की २०११च्या जनगणनेत तिथली शंभरातली नव्वद माणसं खेड्यात राहत होती, आणि या बाबतीत दुसरं कुठलंच राज्य त्याच्या पुढं नव्हतं. मी म्हटलं, वा! खेड्यात राहण्याची माझी तयारी नाही (वीज गेली की मला लहानपणापासून भीती वाटते), पण अशा राज्यातलं 'शहर' म्हणजे माझ्या मापाचंच असणार. आकडे काढले. सोलन ३९ हजार, मंडी २६ हजार, आणि पालमपूर तर अवघं साडेतीन हजार! पुढं २०२० साली आजूबाजूची गावं जोडून त्याची महानगरपालिका केली, ती गोष्ट वेगळी. पण मूळचे साडेतीन हजार म्हणजे काय हो, आमच्या सोसायटीच्या गणपतीला प्रसादाच्या वेळी याहून जास्त वाटतात.

मी बँकेत ३४ वर्षं काढली, त्यामुळे रकाना आखल्याशिवाय मला निर्णय सोडा, शिंकसुद्धा येत नाही. दोनशे पानी वही आणली. डावीकडे शहरं: सोलन, मंडी, पालमपूर, नाहन, चंबा. वर रकाने: उंची, थंडी, पाऊस, चढ, दवाखाना, भाजी, माकडं. प्रत्येकाला दहापैकी गुण. हिनं पेन मागून घेतलं आणि शेवटी एक रकाना स्वतः आखला, 'भांड्याला बाई'. मी तो मनावर घेतला नाही. लेकीला व्हिडिओ कॉलवर वही दाखवली, तर ती म्हणाली, "बाबा, पर्वती शेवटची कधी चढलात?"

"१९९४ साली."

यावर ती काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

प्रत्यक्ष पाहणीला ऑगस्टात निघालो. ऑगस्टातली तिकिटं सहज मिळाली, हॉटेलवाले फोनवर भाडं आपणहून कमी करत होते, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मी मात्र याला माझं व्यवहारकौशल्य समजलो आणि वाचलेल्या पैशांतून लक्ष्मी रोडवर चार स्वेटर आणि दोन माकडटोप्या घेतल्या.

कालक्याहून छोट्या गाडीत बसलो. १९०३ साली सुरू झालेली ही गाडी अजून त्याच बेतानं चालते. शेजारून एक म्हातारी बकऱ्या घेऊन चालली होती, ती बराच वेळ आमच्या खिडकीतच होती. वाटेत बडोगचा बोगदा लागतो, ११४३ मीटरचा. डब्यातल्या एका सद्गृहस्थांनी त्याची आख्यायिका सांगितली. बडोग नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं दोन्ही टोकांकडून खणायला सुरुवात केली आणि मध्ये दोन्ही भुयारं जुळलीच नाहीत. सरकारनं त्याला एक रुपया दंड केला. ही ते फार लक्ष देऊन ऐकत होती. बोगद्याच्या अंधारात तिचा आवाज आला, "एक रुपयाच?"

सोलनला 'मश्रूम सिटी' म्हणतात. तिथं अळंबीवर संशोधन करणारी केंद्र सरकारची मोठी संस्था आहे. मी लहानपणापासून ज्याला कुत्र्याची छत्री म्हणत आलो, त्यावर एवढी मंडळी पोट भरतात हे बघून मला सोलनबद्दल आदर वाटला आणि भाजीच्या रकान्यात मी तीन गुण दिले. खरी अडचण घरांची. डोंगरउतारावरच्या घरांची तऱ्हा अशी, की रस्त्याला लागते ती गच्ची. गच्चीवरून आत शिरायचं आणि मग खाली, खाली, खाली. मला दाखवलेली जागा सर्वांत तळाची होती. मी जिना इतक्या रुबाबात उतरलो, दलालाला म्हटलंसुद्धा, "बघा, अजून गुडघे शाबूत आहेत," खोल्या पाहिल्या, नळ सोडून पाहिला, खिडकीतली देवदारं पाहिली, आणि मग लक्षात आलं की आता गाडी वर उभी आहे. पन्नासाव्या पायरीवर मी देखावा बघायला थांबलो. पंचावन्नाव्या पायरीवरही देखावा बरा होता. साठाव्या पायरीला घरमालकांच्या आई डोक्यावर गवताचा भारा घेऊन मला ओलांडून गेल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "आराम से, बेटा."

चढ: शून्य.

मंडीला बसनं गेलो. वळणांचं वर्णन करत नाही. आवळासुपारीचं एक अख्खं पाकीट सुंदरनगरच्या आधीच संपलं, यावरून काय ते समजा. मंडी गाव मोठं देखणं आहे. बियासच्या काठी दगडी देवळं, आणि लोक अभिमानानं सांगतात की काशीत ८० देवळं तर आमच्याकडे ८१. मध्यावर खोलगट बाग, तिच्याभोवती बाजार, मधोमध घंटाघर. असं सगळं छान असताना मला दरदरून घाम का फुटला होता? कारण हिमाचल म्हणजे थंडी, या समजुतीनं मी बसमधूनच स्वेटर घालून उतरलो होतो आणि मंडीची उंची आहे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही कितीतरी कमी. उंचीचा रकाना मी वहीत आखला होता. भरला नव्हता. लॉजवाल्यानं माझा लालबुंद चेहरा पाहून पंखा पाचवर केला आणि हिला हळूच विचारलं, "बाऊजी की तबीयत तो ठीक है?"

"पहले से ऐसेच है," ही म्हणाली.

मंडीहून पालमपूरला पोचलो आणि त्याच रात्री मागच्या रस्त्यावर दरड आली. दुसऱ्या दिवशी पुढच्या रस्त्यावर आली. पठाणकोटकडे जाणारी १९२९ सालची नॅरोगेज रेल्वे पावसामुळे बंदच होती. नाहन आणि चंबा वहीतच राहिले. चंब्याला तर तिथल्या भरतकामाच्या रुमालापोटी मी न बघताच सात गुण देऊन ठेवले होते. नऊ दिवस आम्ही एका रिटायर्ड सुभेदारसाहेबांच्या घरी, वरच्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत अडकलो. म्हणजे शहर मी निवडलंच नाही. दरडीनं निवडलं.

पालमपूरमागं धौलाधारची रांग आहे. 'आहे' हे मी सुभेदारांच्या शब्दावर सांगतोय, कारण नऊ दिवस तिथं नुसता ढग होता. सगळा गाव त्या ढगाकडे बोट दाखवून सांगायचा, "वो रहा धौलाधार," आणि मीही मान डोलवायचो. लग्नाच्या अल्बममध्ये ओळखू न येणाऱ्या नातेवाइकांना आपण डोलवतो तशी. पावसाला कंटाळून माझ्या वडिलांनी कोकण सोडलं होतं. मी पेन्शनच्या पैशांनी दोन हजार किलोमीटरवरचा तसाच पाऊस शोधून काढला. त्यात एका रात्री उंचीचा रकाना भरायला घेतला, तर पालमपूर भरलं साधारण १२०० मीटर.

"म्हणजे पाचगणी," ही पांघरुणातून म्हणाली. "एसटीनं गेलो असतो की."

माकडांबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण दोन्ही बाजूंनी चूक झाली. मी माकडटोपी घालून गॅलरीत उभा होतो, समोर कठड्यावर एक थोराड नर बसला होता, आणि आम्ही एकमेकांकडे बराच वेळ बघत होतो. शेवटी तो माझी टोपी घेऊन गेला. संध्याकाळी समोरच्या छपरावर दिसला तेव्हा त्याला ती माझ्यापेक्षा चांगली बसत होती.

चहा मात्र चांगला. कांगड्याच्या चहाला २००५ पासून भौगोलिक मानांकन आहे. मळ्याच्या दुकानात त्यांनी तो बिनदुधाचा, सोनेरी रंगाचा दिला. मी विचारलं, "इसमें आलं डालके उकळके मिलेगा?" दुकानदारानं खूप वेळ माझ्याकडे पाहिलं. सुभेदारांनी मग सांगितलं, ४ एप्रिल १९०५च्या भूकंपात कांगडा उद्ध्वस्त झाला, हजारो माणसं गेली, चहाचे कारखाने पडले, कित्येक इंग्रज मळेवाले मळे विकून गेले. मी गुपचूप वहीत भूकंपाचा रकाना वाढवला. १९६७ चा कोयनेचा भूकंप मी झोपेत काढला होता, म्हणून अनुभवापोटी स्वतःला दोन गुण दिले.

आणि आता सातबारा. रत्नागिरी जिल्ह्यात आमची वडिलोपार्जित जमीन आहे आणि तिच्या सातबाऱ्यावर सत्तावीस नावांत माझंही एक आहे. शेतकऱ्याशिवाय कुणाला शेतजमीन घेता येत नाही हे मी आपल्याकडे उभ्या आयुष्यात अनेकांना मिशीला पीळ देत ऐकवलं होतं, त्यामुळे हिमाचलातही असाच कायदा आहे म्हटल्यावर मी उतारा प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबर घेतलाच होता. तहसिलीत गेलो. कारकून अत्यंत सज्जन. त्यानं उतारा हातात घेतला, लिपी एकच असल्यामुळे सत्तावीसच्या सत्तावीस नावं मोठ्यानं वाचली, त्यातल्या वारलेल्यांबद्दल हळहळला, आणि विचारलं, "इसमें आपका हिस्सा?"

"पाऊण गुंठा. उसमें आधी विहीर है."

त्याला गुंठा कळेना, मला कनाल कळेना. शेवटी त्यानं समजावलं: १९७२ च्या कायद्याचं कलम ११८. शेतकरी हवा, पण हिमाचलातला. बाहेरचा असेल तर सरकारची परवानगी. डोंगरातल्या लहान शेतकऱ्यांच्या जमिनी खालच्या धनदांडग्यांनी गिळू नयेत म्हणून. "आप चेष्टा कीजिए," तो म्हणाला. सरकारची चेष्टा कशी करणार, या विचारात मी अर्धा मिनिट घालवला; मग आठवलं, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न.

पण खरं सांगू? मला वाईट वाटलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा एका राज्य सरकारनं मला धनदांडगा धरलं होतं. छाती काढून बाहेर आलो आणि हिला ही बातमी दिली.

"त्यांना आपलं पासबुक दाखवा," ही म्हणाली, आणि मग, "अहो, दिसलं का तुम्हाला?"

"काय?"

धौलाधार. मी आत नावं वाचून घेत होतो तेवढ्यात ढग हटले होते. दहा मिनिटं अख्खी रांग लख्ख उभी होती. दुकानदार, शाळेतली पोरं, हिच्यासकट सगळा बाजार रस्त्यावर येऊन बघत होता. मी बाहेर आलो तेव्हा पुन्हा ढग होता आणि लोक परत कामाला लागले होते.

त्या संध्याकाळी मी सुभेदारांपुढं सगळी वही उघडून बसलो. त्यांनी शांतपणे पानं उलटली, गुणांच्या बेरजा पाहिल्या, दोन ठिकाणी चुकलेल्या दाखवल्या आणि म्हणाले, "ख़रीदना क्यों है, बाऊजी? रहना है तो किराये पर रहो। रह तो रहे हो।"

सहा महिने. दोनशे पानं. भाड्याचा रकाना मी आखलाच नव्हता.

तेव्हा सध्या आम्ही मार्चपर्यंत त्यांच्याच वरच्या मजल्यावर आहोत. भांड्याला बाई मिळाली. हिनं दुसऱ्याच दिवशी शोधली होती, मला सांगण्याजोगं तिला वाटलं नव्हतं. सुभेदार पूर्वी काही वर्षं खडकीला होते, त्यांना "पुढे चला" एवढं मराठी अजून येतं आणि मी जिन्यात थांबलो की ते त्याचा उपयोग करतात. परवा त्यांच्या नातवाला हिंजवडीत नोकरी लागल्याचं पत्र आलं. सगळं घर माझ्याभोवती बसलं. "बाऊजी, आप तो वहाँ के हो। रहने के लिए कौन-सा इलाक़ा ठीक रहेगा?"

मी चष्मा पुसला. वही उलटी केली, मागच्या कोऱ्या पानावर वाकड, बाणेर, बावधन लिहिलं आणि पट्टी घेऊन रकाने आखले. पहिला भाड्याचा. मग पाण्याचे टँकर, खड्डे, डबा. चढ खोडला. माकडं खोडायला पेन टेकवलं, तेवढ्यात सिंहगड रस्त्यावरचा तो सिग्नल आठवला.

तो रकाना राहू दिला.