गुंठेवाल्यांसाठी फंडाची अंकलिपी

पात्रता : वाचकाचे पुण्याच्या मांजरी गावात निदान दोन गुंठे असावेत किंवा नुकतेच विकलेले असावेत, आणि घरातला एक तरी भाचा ‘वेल्थ मॅनेजर’ झालेला असावा. भाचा नसेल तर काळजी नको. जमिनीचे पैसे खात्यावर पडले की तो आपोआप उगवतो.

पूर्वतयारी : सात-बाऱ्यासाठी लावता तो चष्मा बरोबर घ्या. गंमत बघा, आपला माणूस सात-बारा हातात आला की आधी इतर हक्काचा रकाना बघतो. बोजा कुठल्या बँकेचा, फेरफार कधीचा, बहिणींची नावे कुठे गेली, सगळे विचारतो. तोच माणूस गार हवेच्या ऑफिसात बसला की पेन्सिलीने फुली मारलेल्या अकरा जागी सह्या करून चहा पिऊन घरी येतो. कारण काय, तर समोरचे शब्द इंग्रजी आहेत. म्हणून हे मार्गदर्शन. प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचारायचा : यात माझे पैसे कोणाकडे जातात, आणि परत कधी येतात?

फंड. अनेकांनी मिळून एका मोटेत घातलेली मालमत्ता आणि ती सांभाळायला ठेवलेला पगारी माणूस. मांजरीकराला याचे उदाहरण मुंबईहून आणायची गरज नाही. शेजारच्या मगरपट्ट्यात नव्वदच्या दशकात शंभरावर शेतकरी कुटुंबांनी सुमारे 400 एकर एकत्र केले, कंपनी काढली आणि ज्याची जेवढी जमीन तेवढा त्याचा हिस्सा धरला. आपल्या तुकड्याऐवजी सगळ्याचा वाटा. तुमच्या स्टेटमेंटवर ‘युनिट’ लिहिलेले असते ते हेच.

एसआयपी. हा फंड नाही, हप्ता आहे. ‘मी एसआयपीत टाकलेत’ असे कोणी सांगितले की ‘कशाच्या?’ असे विचारा आणि चेहरा बघा.

एनएव्ही. एका युनिटची त्या दिवशीची किंमत. नवी योजना बहुधा दहा रुपयांना निघते आणि भाचा सांगतो, ‘मामा, स्वस्त आहे, जुनी पाचशेवर गेली.’ आता हिशेब करा. दहा हजारांत नवीची हजार युनिटे येतील, जुनीची वीस. दोन्ही दहा टक्के वाढल्या तर दोन्हीकडे अकरा हजारच होतात. चाळीस गुंठ्यांचा एकर होतो हे ज्याला झोपेत विचारले तरी सांगता येते, तो इथे कसा फसतो हे कोडे मला सुटलेले नाही.

सीएजीआर. वाढीचा वर्षागणिक दर. हा शब्द जपून वापरा, घरात वाद होतात. आमच्याकडे प्रत्येक वाड्यात एक गोष्ट असते : आजोबांनी लाखाला घेतलेली जमीन आज कोटीला गेली, शंभर पट! समजा हे चाळीस वर्षांत झाले. मोबाईलमध्ये आकडे घाला. वर्षाला सव्वाबारा टक्क्यांच्या आतबाहेर येते. बस्स. त्यातून कंपाउंडची भिंत, मोजणी, वकील आणि चुलत्याशी चाललेला दावा वजा करायचा आहे. मधल्या काळात निघालेला ऊस-भाजीपाला तेवढा जमेला धरा. दुसरीकडे शेअर बाजाराचा निर्देशांक, सेन्सेक्स. 1978-79 या पायावर तो 100 धरला होता, जुलै 2024 मध्ये त्याने 80,000 ओलांडले. आठशे पट, म्हणजे वर्षाला सुमारे सोळा टक्के, लाभांश न धरता. हा हिशेब आजोबांच्या फोटोसमोर करू नये.

पण लगेच सगळी जमीन विकायलाही निघू नये, कारण पुढचा शब्द आहे जोखीम. फंडाच्या कागदावर गाडीच्या स्पीडोमीटरसारखे चित्र असते, सहा पातळ्यांचे, ‘कमी’पासून ‘अतिउच्च’पर्यंत. शेअरांच्या फंडात काटा बहुधा शेवटच्या घरात असतो. 2008 च्या जानेवारीत सेन्सेक्स 21,000 च्या वर होता, त्याच ऑक्टोबरात 8,000 च्या खाली उतरला. ज्यांनी तेव्हा घाबरून विकले त्यांच्यापुरते ते सोळा टक्के फक्त मासिकात छापायला उरले. जमीन कधी पडत नाही असे आपण म्हणतो, ते तिचा भाव रोज रात्री मोबाईलवर येत नाही म्हणून. गिऱ्हाईक तीन वर्षे फिरकले नाही तर त्याला आपण ‘सध्या थांबलोय’ म्हणतो.

एक्स्पेन्स रेशो. इथे खुर्ची पुढे ओढून बसा. जमिनीचा दलाल टक्का-दोन टक्के घेतो, एकदाच, आणि निदान बांधापर्यंत तरी येतो. फंडाचा खर्च दरवर्षी कापला जातो आणि रोजच्या एनएव्हीतूनच जातो, त्यामुळे पावती दिसत नाही. सुरुवातीलाच कापला जाणारा एन्ट्री लोड बाजाराची नियामक असलेल्या सेबीने ऑगस्ट 2009 मध्ये बंद केला. 1 जानेवारी 2013 पासून प्रत्येक योजनेची ‘डायरेक्ट’ आवृत्तीही मिळते, ज्यात मधल्या माणसाचे कमिशन नसते. ‘रेग्युलर’मध्ये ते असते, आणि तुम्ही आहात तोवर चालू राहते. समजा, दहा लाख वीस वर्षांसाठी ठेवले. बारा टक्क्यांनी त्याचे 96 लाख 46 हजार होतात, अकरा टक्क्यांनी 80 लाख 62 हजार. एका टक्क्याची किंमत पावणेसोळा लाखांच्या वर. एवढ्यात भाच्याचे लग्न होते.

अर्थात बाजार कोसळल्यावर रात्री अकराला फोन उचलून ‘विकू नका’ म्हणणारा एजंट त्या टक्क्याला महाग नाही. असा एजंट ओळखायची खूण : तो दरवर्षी नवी योजना घेऊन येत नाही.

अल्फा. फंड मॅनेजरने बाजारापेक्षा जास्त कमावले तर त्याचा पराक्रम. कमी कमावले तर त्याला ‘बाजाराची परिस्थिती’ म्हणतात. पुढे चला.

लिक्विडिटी. हवे तेव्हा पैसे हातात येण्याची सोय. याची व्याख्या पाठ करण्याऐवजी जुनी ट्रंक उघडा. थेऊरचा यशवंत सहकारी साखर कारखाना 2011 मध्ये बंद पडला. त्याचे शेअर हवेली तालुक्यातल्या कितीतरी घरांत अजून घडी घालून ठेवलेले आहेत. मालकी शंभर टक्के खरी, लिक्विडिटी शून्य. मोठ्या नावांनाही हे चुकत नाही. युनिट ट्रस्टच्या यूएस-64 या योजनेत लोक पेन्शनसारखे पैसे ठेवत, जुलै 2001 मध्ये तिची परतखरेदी थांबवली गेली. फ्रँकलिन टेम्पल्टनने 23 एप्रिल 2020 ला सहा कर्जरोखे योजना एका दिवसात गुंडाळायला घेतल्या. पैसे पुढे परत मिळाले, पण ज्याची मुलीची फी जूनमध्ये होती त्याला ‘पुढे’ पुरत नाही.

गॅरंटीड. महिन्याला तीन-चार टक्के, लेखी नाही पण शब्द आहे, साहेबांच्या ओळखीचे आहेत. हा शब्द ऐकला की चप्पल घाला. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत बाजाराच्या जोखमीचे वाक्य धावत्या गाडीसारखे म्हटले जाते, ते म्हणावेच लागते. ज्याला ते म्हणावे लागत नाही तो कोणाच्या नियमात बसत नाही. सेबीचा नोंदणी क्रमांक मागा आणि सेबीच्या संकेतस्थळावर तपासा. ठेवीदारांसाठी महाराष्ट्राने 1999 मध्ये खास कायदा केला, तो उगीच नाही. आणि बँकेतल्या ठेवीचा विमाही एका बँकेत एका माणसाला पाच लाखांपर्यंतच, हे सगळे पैसे एकाच पतसंस्थेत ठेवणाऱ्यांनी आधी वाचावे. पतसंस्था बँक नसते, तिला तेवढाही नाही.

कॅपिटल गेन. मांजरी बुद्रुक 2021 मध्ये पुणे महापालिकेत आली. पालिकेच्या हद्दीतली शेतजमीन विकली की नफ्यावर कर लागतो. कसलेली जमीन असेल तर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेऊन तो वाचवता येतो, पण त्याच्या अटी सीएला विचारा, दलालाला नको.

शेवटचा शब्द नॉमिनी, आणि यात सगळा गाव चुकतो. थोरल्या मुलाचे नाव टाकले की पैसे त्याचे झाले, असे घरोघरी समजतात. ‘कालनिर्णय’च्या जयंत साळगावकरांच्या मागे म्युच्युअल फंडांच्या युनिटांवरून वाद झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर 2023 मध्ये निकाल लागला : नॉमिनी मालक होत नाही, हक्क मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणेच ठरतो. म्हणून नॉमिनी भरा, शिवाय मृत्युपत्रही करा. आणि त्यात बहिणींचे काय ते त्यांच्याशी आत्ताच बोला. त्यांना थेट हक्कसोडपत्राच्या सहीला बोलावू नका.